शेवटी सगळ्यांचा खेकडाच होतो?

प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांमध्ये एक विनोद बराच फिरतो. बहुतेक वेळा तो चित्रात असतो. डावीकडे मासा, मग बेडूक, सरडा, माकड, भाला खांद्यावर टाकलेला माणूस, आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे, दोन्ही डेंगे वर करून उभा असलेला खेकडा. आमच्या कॉलेजात तर तो चित्रातून बाहेर पडून बोलण्यात आला आहे. कुणाचा पेपर वाईट गेला, कुणाचं प्रेमप्रकरण फिसकटलं, की शेजारी बसलेला म्हणतो, "जाऊ दे रे, शेवटी सगळ्यांचा खेकडाच होणार आहे."

मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवते आणि हा विनोद मला मनापासून आवडतो. विज्ञानावरचे बहुतेक विनोद शास्त्रज्ञांच्या विसरभोळेपणावर किंवा विस्कटलेल्या केसांवर असतात. त्यात विज्ञान नसतंच. इथे मात्र हसू येतं ते एका खऱ्या शोधामुळे. खेकड्यासारखं शरीर निसर्गात एकदा नाही, अनेकदा, वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडलेलं आहे. ज्याला हे ठाऊक नाही त्यालाही चित्र पाहून गंमत वाटते, पण ज्याला ठाऊक आहे तो जास्त हसतो. आणि हसून झालं की विचारतो, "पण मॅडम, असं का होतं?" शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

या चित्राचं मूळ चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. १९६५ साली टाइम-लाइफच्या 'अर्ली मॅन' या पुस्तकासाठी रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने माणसाच्या पूर्वजांची एक रांग काढली. मुळात त्यात १५ आकृत्या होत्या. पुढे तिच्या पाच-सहा आकृत्यांच्या नकला टी-शर्टांवर, जाहिरातींत, शाळेच्या भिंतींवर गेल्या: वाकलेलं माकड हळूहळू ताठ होतं आणि शेवटी माणूस होऊन चालू लागतं. जगातल्या कितीतरी लोकांच्या मनात उत्क्रांती म्हणजे हीच रांग. सगळी धडपड आपल्यापर्यंत पोचण्यासाठी चालली होती, आपण आलो आणि काम संपलं, असा तिचा भाव. खेकड्याच्या विनोदाने त्या रांगेतल्या मानाच्या जागेवरून माणसाला हलवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. तासभर व्याख्यान देऊन जे साधत नाही ते एका चित्राने साधतं. मात्र रांग त्याने तशीच ठेवली. शेवटचं स्टेशनही ठेवलं, फक्त पाटी बदलली. माझं या विनोदाशी भांडण आहे ते एवढ्यापुरतंच. ते भांडण नीट मांडायचं तर आधी खेकडा म्हणजे काय ते पाहायला हवं, आणि त्यासाठी मासळी बाजारासारखी जागा नाही.

चिंबोऱ्या घ्यायला गेलं की मावशी एक उचलते, उलटी करते आणि पोट दाखवते. "बघ बाय, मादी हाय. लाख भरलेली." पोटावर मधोमध एक पट्टा असतो. नराचा अरुंद, टोकदार त्रिकोण, पूर्ण वाढलेल्या मादीचा रुंद आणि गोलसर. पिढ्यान् पिढ्या कोकणातल्या बायका हा पट्टा बघून नर-मादी ओळखत आल्या आहेत. हा पट्टा म्हणजे खेकड्याची शेपूट. त्याच टोपल्यांच्या ओळीत पलीकडे कोळंबी असते, नशीब असेल तर शेवंड असते. कोळंबी आणि शेवंडीत आपण खातो ते मांस शेपटीचंच. धोका दिसला की ती शेपूट फटकन आत ओढून हे प्राणी मागच्या मागे निसटतात, त्यासाठी तिथे एवढे स्नायू भरलेले. खेकड्याच्या शेपटीत मात्र खाण्यासारखं काही नाही. ती पातळ झाली, आखडली, पोटाखाली दुमडून घट्ट बसली. मादी तिच्या आडोशाला अंडी सांभाळते. मांस गेलं डेंग्यांत आणि पायांच्या मुळाशी, कारण आता पळायचं ते पायांनी. वरचं कवच चपटं आणि रुंद झालं. खेकडा होणं ते एवढंच: शेपूट पोटाखाली, कवच रुंद, पाय बाजूंना.

चिंबोरी, कुर्ली, शेतातले मुठे, सह्याद्रीच्या ओढ्यांतले खेकडे, हे सगळे एका मोठ्या घराण्यातले. त्यांना अस्सल खेकडे म्हणतात. पण याच्या शेजारी दुसरं एक घराणं आहे, शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं. किनाऱ्यावर एखादा शंख आपोआप चालू लागलेला दिसतो, त्याच्या आत हा बसलेला असतो. याचं पोट मऊ, लांब आणि शंखाच्या वळणात बसेल असं पिळलेलं असतं. या दुसऱ्या घराण्यातल्या काही शाखांनी, अस्सल खेकड्यांना न विचारता, खेकड्याचं रूप घेतलं.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते केंब्रिजच्या लान्सलॉट बोराडेल यांनी. त्याआधी त्यांनी मालदीव आणि लक्षद्वीपच्या बेटांवरच्या जमिनीवर राहणाऱ्या कवचधाऱ्यांवर लिहिलेलं होतं, म्हणजे आपल्या समुद्राची त्यांना ओळख होती. १९१० साली कॅप्टन स्कॉटची दक्षिण ध्रुवाची मोहीम 'टेरा नोव्हा' जहाजातून निघाली. स्कॉट आणि त्याचे साथीदार परत आले नाहीत, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण जहाज परतलं ते बाटल्यांत भरलेले हजारो प्राणी घेऊन, आणि त्यांचा अभ्यास पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. बोराडेलना त्यातल्या एका चिमुकल्या प्राण्याने थांबवलं. नाव पोर्सेलानोपॅग्युरस. घराणं शंखवाल्यांचं, पण शंखात शिरण्याऐवजी हा पाठीवर नुसती एखादी शिंपली धरून फिरतो, आणि अंगाने खेकड्याकडे झुकलेला. १९१६ च्या अहवालात बोराडेलनी या झुकण्याला नाव दिलं, कार्सिनायझेशन. निसर्ग पुन्हा पुन्हा खेकडा घडवू पाहतो असं त्यांनी मांडलं. म्हणजे विनोदाचं बीज शंभर वर्षांहून जुनं, आणि तेही अंटार्क्टिक मोहिमेच्या गंभीर अहवालातलं.

आपल्या खडकाळ किनाऱ्यावर हा प्रकार हातात धरून पाहता येतो. उधाणाची भरती ओसरली, सुकती पुरती लागली की कातळाच्या डबक्यांत ओल्या धोंड्यांच्या खाली पोर्सेलिन क्रॅब सापडतात. मुलांना मी आधी काही सांगत नाही. धोंडा उचलला की नखाएवढा, अंगठ्याएवढा एखादा चपटा जीव दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून तुरुतुरु सरकतो. "खेकडा!" सगळे एका सुरात. "पाय मोजा." मुलं मोजतात. डेंग्यांच्या मागे चिंबोरीला पायांच्या चार जोड्या. याच्या तीनच दिसतात. चौथी असते, पण अगदी बारीक, मागच्या बाजूला दुमडून ठेवलेली, तिचं काम कल्ले साफ करण्याचं. मग मिश्या बघायच्या. चिंबोरीच्या आखूड आणि दोन डोळ्यांच्या मध्ये, याच्या लांबलचक आणि डोळ्यांच्या बाहेरून निघालेल्या. पोटाखाली दुमडलेल्या शेपटीच्या टोकाला शेवंडीसारखा बारीकसा पंखा अजून शिल्लक आहे. तेवढ्यावर हा पठ्ठ्या पाण्यात शेपूट आपटत थोडं पोहूनही दाखवतो. अस्सल खेकड्याने तो पंखा केव्हाच टाकून दिला.

जरा धीर धरून डबक्याशी बसलं तर याची जेवणाची रीत दिसते, आणि ती एकदा पाहिली की याला कुणी खेकडा म्हणणार नाही. तोंडाजवळच्या दोन अवयवांना लांब केसांच्या झालरी असतात. एक झालर पुढे फेकायची, पाण्यातले बारीक कण गोळा करायचे, तोंडात पुसायची, तोवर दुसरी पुढे. एक आत, एक बाहेर, न थांबता. एवढे मोठे डेंगे असून शिकारीसाठी त्यांचा उपयोग जवळजवळ नाही, ते भांडणासाठी. पकडलं की डेंगा सोडून देऊन पळतो, पुढच्या काही कात टाकण्यांत नवा उगवतो. तेव्हा मुलांना माझं सांगणं असतं की चिमटीत धरू नका, ओंजळीत पाणी घेऊन त्यात सोडा.

याहून मोठा दाखला उत्तरेकडच्या थंड समुद्रात आहे. अलास्काच्या बाजूला किंग क्रॅब पकडतात. पायांचा पसारा दीड मीटरच्या वर जातो, वजन दहा किलोपर्यंत. असा हा राक्षस त्या शंखात लपणाऱ्या चिमुरड्यांचा वंशज आहे. १९९२ साली कनिंगहॅम, ब्लॅकस्टोन आणि बस यांनी त्यांच्या डीएनएची तुलना 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा किंग क्रॅब शंखवाल्यांच्या वंशवृक्षाच्या पार आतल्या फांद्यांत बसलेले निघाले. पण डीएनए नसता तरी एक खूण होतीच. किंग क्रॅबची मादी उलटी केली तर पोटावरचा पट्टा वाकडा दिसतो, एका बाजूला जास्त वाढलेला, आणि अंडी धरणारे बारीक अवयव एकाच बाजूला. शंख सोडून कोट्यवधी वर्षं झाली, पोटाचा पीळ गेला नाही. आपल्या बाजारातली मावशी ज्या जागी नर-मादी बघते, नेमक्या त्याच जागी या घराण्याचा इतिहास लिहिलेला आहे. हे वर्गात सांगताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

या सगळ्याचा हिशेब २०२१ साली जोआना वुल्फ, हावियेर लुके आणि हेदर ब्रॅकेन-ग्रिसम या शास्त्रज्ञांनी एका लेखात मांडला. खेकड्याचं रूप किमान पाच वेळा स्वतंत्रपणे घडलं. विनोद इथपर्यंत बरोबर आहे. पण त्याच लेखात पुढे आहे ते विनोद करणाऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही: किमान सात वेळा हे रूप सोडूनही दिलं गेलं. म्हणजे खेकडेपण कमावण्यापेक्षा गमावण्याचे प्रसंग जास्त. बेडूक-खेकडा म्हणून एक जात आपल्याही समुद्रांत आहे. अस्सल खेकड्यांच्या घराण्यातली, पण शरीर लांबट, पुढून रुंद मागून निमुळतं, शेपटीचा पट्टा पुरता दुमडत नाही, आणि वाळूत मागच्या मागे रुतून बसायची सवय. वाळूत राहायचं तर रुंद कवच अडतं, म्हणून ते गेलं. लुके यांनीच कोलंबियाच्या डोंगरात सापडलेला एक जीवाश्म २०१९ मध्ये जगापुढे ठेवला. नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा खेकडा, कॅलिकायमेरा. मोठाले डोळे, वल्ह्यांसारखे पाय, अंग लांबोळकं. तो पाहिला की 'खेकड्याचा आकार' म्हणून आपण जे गृहीत धरतो ते सगळं ढिलं होतं.

मग पाच वेळा तरी का? एकच एक कारण शास्त्रज्ञांनी ठरवलेलं नाही. लांब शेपूट ही शत्रूला धरायला सोपी जागा, ती लपवली की वाचण्याची शक्यता वाढते. चपटं शरीर कपारीत शिरतं. पाय बाजूंना असले की वळावं न लागता डावीकडे-उजवीकडे सारखंच पळता येतं. खेकड्याच्या तिरक्या चालीला आपण नावं ठेवतो, पण कातळावर लाट आणि पक्षी दोन्ही चुकवायचे असतील तर ती चाल फार उपयोगाची. शिवाय, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, हे सगळे मुळात एकाच मोठ्या कुळातले. सगळ्यांना दहा पाय, सगळ्यांना कवच, सगळ्यांना दुमडता येईल अशी शेपूट. साहित्य आधीपासून हाताशी होतं. मासा, बेडूक, माकड यांच्यापैकी कुणी कधी खेकडा झालं नाही, होणारही नाही. चुलत घराण्यांत नाकं सारखी निघाली तर त्यात नवल थोडं कमी.

खरं नवल हवं असेल तर नातं तुटक असायला हवं. तसा दाखला मी सांगू शकते तो समुद्रातला नाही, सह्याद्रीच्या मातीतला आहे, आणि त्यावर कुणी विनोद करत नाही.

पाऊस सुरू झाला की जून-जुलैत गावांतून फोन येऊ लागतात. विहिरीच्या कट्ट्याशी, गोठ्यात, माडाच्या आळ्यात काहीतरी निघालेलं असतं. "मॅडम, हा साप की गांडूळ?" फोटोत बहुधा एक काळपट नळी दिसते. डोकं कुठलं, शेपूट कुठली, कळत नाही. ती नळी चार वेगळ्या प्राण्यांपैकी कुणीही असू शकते. गांडूळ असेल तर त्याला हाड नाही, अंगावर वलयं, आणि वयात आलेलं असेल तर पुढच्या भागात एक जाडसर पट्टा. देवगांडूळ असेल तर तो बेडकाचा भाऊबंद. वलयं त्यालाही, पण कातडी ओली, बुळबुळीत, आत कणा आणि भक्कम कवटी, तोंडात दात. डोळे कातडीखाली गेलेले, आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक इवलंसं स्पर्शक, जे तो बाहेर काढून माती हुंगतो. वाळा असेल तर तो साप: अंगावर तुळतुळीत चकाकते खवले, शेपटीच्या टोकाला बारीक काटा, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, खाणं मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या. आपल्या कुंड्यांतून दिसणाऱ्या वाळ्यांत नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. म्हणून कुंडीतल्या मातीबरोबर एकच गेली तरी वसाहत उभी राहते, आणि तसा हा साप जगभर पसरला आहे. चौथा खापरखवल्या. तोही साप, पण वेगळ्या कुळातला. भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून हे कूळ कुठे नाही. डोकं टोकदार, शेपूट मात्र कापून टाकल्यासारखी, वर खरखरीत खवल्यांची ढाल. तिच्यावर माती चिकटते आणि बिळात शिरल्यावर मागचं दार बंद होतं.

एक कणाच नसलेला, एक उभयचर, दोन सरीसृप. यांचा समाईक पूर्वज शोधायला गेलं तर पन्नास कोटी वर्षांहून मागे जावं लागतं. खेकड्यांच्या चुलत नात्यापेक्षा हे अंतर कितीतरी मोठं. तरी एकाच बांधावर, एकाच पावसात, चौघांचं रूप एक. आणि खापरखवल्या नि देवगांडूळ यांचं मुख्य अन्न काय, तर गांडूळ. नळीच नळीला खाते. हे जेव्हा एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं तेव्हा तो इतका हसला की मला तास थांबवावा लागला. पुढच्या आठवड्यात भिंतीवर नवीन चित्र लागलं. मासा, बेडूक, सरडा, माणूस, आणि शेवटी नुसती एक आडवी जाड रेघ. खाली, "शेवटी सगळ्यांचं गांडूळच होतं."

शास्त्राच्या दृष्टीने हा विनोद खेकड्यावरच्यापेक्षा अचूक आहे. सरडे आणि साप यांच्याच मोठ्या कुळात लांब, पाय नसलेलं किंवा जेमतेम पाय उरलेलं शरीर पंचवीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडलेलं आहे. पाच नाही, पंचवीस. कारणही सरळ आहे. मातीतून वाट काढायला जेवढं भोक रुंद तेवढी मेहनत जास्त. तेवढंच मांस लांब करून बारीक भोकातून नेता आलं तर कष्ट वाचतात, आणि बाजूला आलेले पाय फक्त अडतात. हे गणित गांडुळालाही लागू, बेडकाच्या भावालाही आणि सापालाही.

तरी लोक हसतात खेकड्यालाच. मी यावर खूप विचार केला आहे. खेकड्याला चेहरा आहे. देठांवरचे डोळे, उगारलेले डेंगे, अंगावर येण्याचा आव. तो लगेच पात्र होतो. आपल्या भाषेत तर तो आधीपासून पात्र आहे. झाकण नसलेल्या टोपलीतल्या, एकमेकांचे पाय ओढणाऱ्या खेकड्यांची गोष्ट मराठी माणसाला किती वेळा ऐकवली जाते! एच. जी. वेल्सनाही १८९५ साली 'द टाइम मशीन'मध्ये जगाच्या अखेरच्या किनाऱ्यावर माणसं नाहीशी झाल्यावर उरले ते अजस्र खेकड्यांसारखे प्राणीच दिसले. नळीला चेहरा नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला हसू येत नाही, भीती येते. देवगांडूळ विषारी साप म्हणून ठेचला जातो. वाळा कानात शिरतो म्हणून मारला जातो. दोघेही कुणाला इजा करू शकत नाहीत. मांडुळाची तर परवडच. तो वेगळ्या कुळातला साप, पण त्याचीही शेपूट बोथट, डोक्यासारखी दिसणारी. शत्रूने डोकं समजून शेपटीवर हल्ला करावा अशी ती युक्ती, खापरखवल्याला जमली तशी यालाही स्वतंत्रपणे जमलेली. त्या शेपटीवरून लोकांनी त्याला दुतोंड्या केलं, गुप्तधनाशी जोडलं, आणि कायद्याने संरक्षण असूनही त्याची चोरटी विक्री होते. साम्य का आहे हे लोकांना समजलं असतं तर त्यातले कितीतरी जीव वाचले असते. म्हणून भिंतीवरचं ते गांडुळाचं चित्र मी उतरवू दिलं नाही. देवगांडुळाचंच बघा. २००३ मध्ये आंबोलीच्या परिसरातून त्याची एक नवी जात जगापुढे आली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनिएल यांच्या नावावरून तिला गेजिनिओफिस डॅनिएली म्हणू लागले. आमच्या उंबऱ्यापाशी विज्ञानाला अनोळखी प्राणी होता, आणि त्याची गाठ बहुतेक वेळा फावड्याशी पडत होती.

फुलांवरही असाच एक गोंधळ चालतो. "अंगणात हमिंगबर्ड आला," म्हणून फोटो येतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आहेत. आपल्याकडे दिसतो तो शिंजीर, चिमणीच्या मोठ्या गणातला, किंवा दिवसा उडणारा एक पतंग, जो जागच्या जागी पंख भिरभिरवत लांब सोंडेने मध ओढतो. दोन पक्षी आणि एक कीटक, तिघांना खोल फुलाने एकाच साच्यात आणलं. हा गोंधळ निरुपद्रवी आहे. उलट विचारणाऱ्याचा आनंद दुप्पट करता येतो.

या साऱ्या हसण्याच्या मागे जो प्रश्न उभा आहे त्यावर मोठे जीवाश्मशास्त्रज्ञ भांडलेले आहेत. स्टीफन जे गुल्ड यांनी १९८९ च्या 'वंडरफुल लाइफ'मध्ये म्हटलं की जीवसृष्टीची टेप मागे नेऊन पुन्हा वाजवली तर प्रत्येक वेळी वेगळंच काही निघेल. सायमन कॉनवे मॉरिस यांनी २००३ च्या 'लाइफ्स सोल्यूशन'मध्ये नेमके असे जुळे आकार पुढे ठेवून उलट बाजू घेतली: वाटा थोड्याच आहेत, जीव पुन्हा पुन्हा त्यांच्यावरच येतात. त्यातून माणसासारखी बुद्धीही अटळ होती इथपर्यंत ते जातात. कॅनडाच्या डेल रसेल यांनी तर १९८२ मध्ये डायनोसॉर नष्ट झाले नसते तर त्यांच्यातला एक कसा दिसला असता याचा पुतळाच करवून घेतला. तो दोन पायांवर ताठ उभा, शेपूट नाही, मोठं डोकं. थोडक्यात, हिरवट कातडीचा माणूस. मला तो पुतळा पटत नाही. तिथेही झालिंगरच्या रांगेतलं शेवटचं स्टेशन डोकावतं. कुठल्याही आकाराकडे सगळ्यांची ओढ असते हे मी मानत नाही. खडकाची कपार खेकडा मागते, माती नळी मागते, वाळू खेकड्याला पुन्हा लांबट करते. जागा बदलली की मागणी बदलते, आणि जागा काही शेवटची नसते.

म्हणून मी मुलांना विनोद पुढे न्यायला सांगते. रांग उलटी काढा. डावीकडे खेकडा, उजवीकडे बेडूक-खेकडा. एका मुलीने रांग मोडून गोल काढला आणि त्यात कुणालाच पहिला-शेवटचा नंबर दिला नाही. ते चित्र आता प्रयोगशाळेच्या दारावर आहे.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडा, त्या दिवसांत सुकती सगळ्यात खोल जाते. स्थानिक कोळ्याला वेळ विचारा आणि पाणी पुरतं उतरण्याच्या तासभर आधी कातळावर पोचा, भरती फिरली की निघा. तळपायाला पकड असलेली चप्पल हवी, शेवाळावरून पाय सटकतो. दोन्ही हातांनी उचलता येईल एवढाच धोंडा उचला. डेंग्यांच्या मागचे पाय मोजा, मिश्या डोळ्यांच्या आत आहेत की बाहेर ते बघा. तीन जोड्या आणि बाहेरून लांब मिश्या असतील तर तुमच्यासमोर खेकडा नाही, शंखवाल्यांच्या घराण्यातला पाहुणा आहे. झालं की धोंडा होता तसाच, ओली बाजू खाली करून ठेवा. त्या बाजूला स्पंज आणि गोगलगायींची अंडी चिकटलेली असतात, उन्हात ती मरतात.